ब्लूजचे सूर कागदावर

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतावर, तेही त्याच्या स्वरलेखनावर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमच्याकडून किमान वेतन, बोनस, भविष्यनिर्वाह निधी अशा विषयांची अपेक्षा असते. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. आजचा विषय त्यांच्यापासून दिसतो तितका दूर नाही, हे अखेरीपर्यंत ध्यानात येईल अशी आशा आहे. आमचे संगीताचे शिक्षण म्हणाल तर भजनी मंडळातली पेटी, एवढेच. पाश्चात्त्यांची पाच रेघांची लिपी आम्ही लग्नाच्या बँडपार्टीतल्या एका वृद्ध ट्रंपेटवाल्याकडून आणि पुढे पुस्तके चाळून शिकलो. तेव्हा हे निरूपण पंडिताचे नव्हे, हौशी विद्यार्थ्याचे आहे, असे समजून घ्यावे.

प्रश्न असा आहे. एका वादकाने आधी काहीही न लिहिता, त्या क्षणी सुचेल तसे एक एकल वादन केले. त्याची ध्वनिमुद्रिका आपल्याजवळ आहे. ज्याने ती कधी ऐकली नाही अशा दुसऱ्या वादकालाही नुसता कागद पाहून ते वाजवता यावे, अशा रीतीने ते लिहून काढावयाचे आहे. हे कसे करावे? आणि मुळात कशासाठी करावे?

कापसाच्या रानातले गाणे

ब्लूज हा गानप्रकार कोठून आला हे यवतमाळच्या श्रोत्यांना सांगणे सोपे आहे, कारण तो कापसाच्या रानातून आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हा विलायतेतल्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. येथील कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ साली युद्ध संपले आणि तो भाव कोसळला, परंतु कापूस मात्र येथे कायमचा ठाण मांडून बसला. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला आपण प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत आलो, ती याच कापसासाठी घातली गेली. आज ती धावत नाही; कापूस मात्र आहे आणि त्याच्या पाठीवरचे कर्जही आहे.

त्याच युद्धाच्या शेवटी तिकडे गुलामगिरी कायद्याने संपली. पण सुटलेल्या माणसाजवळ जमीन नव्हती. तो पूर्वीच्याच मालकाच्या रानात बटाईने राबू लागला. बियाणे, धान्य, कापड सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर घ्यावयाचे आणि हंगामाच्या अखेरीस मालकाच्या वहीतला हिशेब मुकाट्याने मान्य करावयाचा, अशी ती रीत होती. मिसिसिपी राज्यात डॉकरी नावाची कापसाची मोठी इस्टेट १८९५ साली वसली. ब्लूजच्या आद्य गायकांपैकी चार्ली पॅटन हा तेथे राहत असे. कापूस वेचताना, रूळ टाकताना, बंधारे घालताना जी हाक आणि जी साथ चालते, तिच्यातून ही गाणी उभी राहिली. एकाने ओळ टाकावी आणि इतरांनी ती उचलावी, ही पद्धत आपल्या भजनात आहे, बंजारा तांड्यांवर होळीच्या लेंगी गीतांतही आहे. तिकडे मजूर एकटा पडला, त्याच्या हाती गिटार आली, आणि साथीदारांची जागा त्या वाद्याने घेतली. गळ्याने हाक द्यावी, तारेने उत्तर द्यावे.

डब्ल्यू. सी. हँडी नावाचा एक शिकलेला बँडमास्तर होता. १९०३ च्या सुमारास टटवायलर नावाच्या लहानशा स्टेशनावर गाडीची वाट पाहत असता, फाटक्या कपड्यांतला एक मनुष्य गिटारच्या तारांवर चाकू दाबून गात असलेला त्याने ऐकला, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. हँडीला लिहिता येत होते. पुढे १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’ आणि १९१४ साली ‘सेंट लुई ब्लूज’ या त्याच्या रचना छापल्या गेल्या आणि जगभर गाजल्या. स्टेशनावरच्या त्या माणसाचे नाव मात्र आज कोणालाही ठाऊक नाही. यात हँडीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पहिली छापलेली रचना त्याच्याही हातून किरकोळ रकमेत गेली होती. ज्याच्या हाती लेखणी त्याचे नाव टिकते आणि ज्याच्या गळ्यात नुसता सूर त्याचे पुसले जाते, एवढेच येथे नोंदवून ठेवू.

बारा खंडांचा सांगाडा

ब्लूजची घडण अगदी साधी आहे, आणि ती कळल्याशिवाय त्याचे लेखन करता येत नाही. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड मिळून एक आवर्तन होते. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. आपल्या एकतालाच्या बारा मात्रांशी याची गल्लत करू नये. या बारा खंडांच्या चार-चारांच्या तीन ओळी पडतात. पहिल्या ओळीत गायक एक गोष्ट सांगतो, दुसऱ्या ओळीत बहुधा तीच पुन्हा सांगतो आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावतो. प्रत्येक ओळीत शब्द साधारण अडीच खंडांत संपतात आणि उरलेली जागा वाद्य भरून काढते.

खाली साथीला स्वरगुच्छ वाजत असतात. एकाच वेळी उमटणारे तीन-चार स्वर म्हणजे स्वरगुच्छ. इंग्रजीत त्यास कॉर्ड म्हणतात. ब्लूजमध्ये मुख्य गुच्छ तीनच. पहिला षड्जाचा : सा, ग, प आणि कोमल नी. दुसरा मध्यमाचा : म, ध, सा आणि कोमल ग. तिसरा पंचमाचा : प, नी, रे आणि म. पहिले चार खंड षड्जाचा गुच्छ. मग दोन खंड मध्यमाचा, दोन खंड पुन्हा षड्जाचा. मग एक खंड पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटचे दोन षड्जाचे. वादक यात बारीकसारीक फेरफार करतात, परंतु सांगाडा हाच. आता पाहा, षड्जाच्या गुच्छात शुद्ध गंधार आहे आणि मध्यमाच्या गुच्छात कोमल. गायकाचा गंधार या दोहोंच्या मध्ये कोठेतरी हेलकावे खात असतो. त्यालाच ते ‘ब्लू नोट’ म्हणतात. ज्यांनी दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार ऐकला आहे, त्यांना सुरांच्या मधल्या जागेची ही गोडी वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

आधी कान, मग कागद

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. उदाहरणासाठी लुई आर्मस्ट्राँग याच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची तबकडी घेऊ. किंग ऑलिव्हरच्या या रचनेचे हे वादन २८ जून १९२८ रोजी शिकागो येथे मुद्रित झाले. अवघ्या तीन-सव्वातीन मिनिटांचे हे वादन जगातल्या स्वरलेखकांनी पुनःपुन्हा लिहून पाहिले आहे. आज ते कोणालाही सहज ऐकावयास मिळते.

पहिली पायरी : वाद्य हाती धरू नये, कागद पुढे घेऊ नये. नुसते ऐकावे. इतके ऐकावे की ते वादन तबकडीबरोबर आपल्याला गुणगुणता आले पाहिजे. जे गळ्यातून निघत नाही ते कानाला अजून कळलेले नाही, असे खुशाल समजावे. भजनात नवी चाल बसविताना आपण हेच करतो.

दुसरी पायरी : षड्ज ठरवावा. या वादनात षड्ज पाश्चात्त्यांच्या ई फ्लॅटवर आहे. जुन्या तबकडीच्या बाबतीत एक सावधगिरी घ्यावी लागते. ‘अठ्ठ्याहत्तर फेऱ्यां’च्या सर्वच तबकड्या मुद्रणाच्या वेळी नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी फिरत होत्या असे नाही. वेगात शेकडा सुमारे सहाचा फरक पडला की सारे वादन अर्ध्या स्वराने सरकते. म्हणून मिळालेला षड्ज त्या वाद्याला सोयीचा आहे काय, हे ताडून पाहावे. ट्रंपेटवाले आणि क्लॅरिनेटवाले अडचणीच्या पट्टीत सहसा वाजवीत नाहीत.

तिसरी पायरी : स्वर लिहिण्यापूर्वी रिकामी चौकट आखावी. एका ओळीत चार खंड, अशा तीन ओळी. वर बारीक अक्षरात स्वरगुच्छ लिहून ठेवावेत. आता टाळी धरून तबकडी ऐकावी आणि कोणता स्वरसमूह कोणत्या खंडात पडतो तेवढेच टिंबाने मांडावे. असे केले म्हणजे मध्ये एखादी जागा सुटली तरी पुढचा हिशेब चुकत नाही. जे लोक पहिल्या स्वरापासून एकेक स्वर लिहीत सुटतात, ते तिसऱ्या खंडात चुकतात आणि बाराव्या खंडात पोहोचल्यावर त्यांच्याजवळ दोन मात्रा जास्त उरतात.

‘वेस्ट एंड ब्लूज’च्या प्रारंभी आर्मस्ट्राँग साथीशिवाय एकटाच काही सेकंद ट्रंपेट वाजवितो. त्या भागाला चौकट लावू नये. तो आलापासारखा आहे. त्याला खंडाच्या रेघा मारल्या तर वाचणारा उगाच मात्रा मोजत बसेल. तो मोकळाच लिहावा आणि श्वासाच्या जागा दाखवाव्यात. त्यानंतर पाच आवर्तने येतात. पहिल्यात ट्रंपेटवर मूळ चाल, दुसऱ्यात ट्रॉम्बोन, तिसऱ्यात क्लॅरिनेट आणि तिला आर्मस्ट्राँगने शब्दांशिवाय गळ्याने दिलेली उत्तरे, चौथ्यात अर्ल हाइन्स याचा पियानो आणि पाचव्यात पुन्हा ट्रंपेट. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी दुहेरी रेघ मारून त्यास क्रमांक दिला की कागद अर्धा वाचनीय झाला.

चौथी पायरी : खुणेचे दगड आधी रोवावेत. सर्वांत उंच स्वर, सर्वांत लांब स्वर आणि खंडाच्या पहिल्या मात्रेवर येणारे स्वर, हे आधी लिहावेत. पाचव्या आवर्तनाच्या आरंभी आर्मस्ट्राँग वरचा बी फ्लॅट, म्हणजे आपल्या हिशेबाने तार पंचम, जवळजवळ चार खंड एका दमात धरून ठेवतो. हा असा दगड आहे की आंधळ्यालाही सापडावा. असे दगड रोवले म्हणजे मधली वाट आपोआप दिसू लागते.

पाचवी पायरी : आधी लय लिहावी, मग स्वर. एका खंडात किती आघात आहेत आणि ते कोणत्या मात्रेवर आहेत, हे टाळीवर निश्चित करावे. नंतर त्या आघातांवर स्वर बसवावेत. दोन्ही गोष्टी एकदम करू गेल्यास दोन्ही बिघडतात.

सहावी पायरी : जलद जागा उकलणे. पूर्वीच्या काळी लोक ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ फेऱ्यांवर लावीत. वेग निम्मा होई आणि सूर बरोबर एक सप्तक खाली जात. त्यामुळे षड्ज तोच राही. आज भ्रमणध्वनीवरही सूर न उतरविता वेग कमी करता येतो. आपोआप स्वर लिहून देणारी यंत्रेही निघाली आहेत. परंतु पाचसहा वाद्ये एकत्र वाजत असली की यंत्राची गल्लत होते. शिवाय कोणता स्वर वादकाच्या मनात होता आणि कोणता ओठ निसटल्यामुळे आला, हे ठरविणे माणसाचेच काम आहे.

सातवी पायरी : शंका आलेल्या स्वराची साक्ष तीन ठिकाणी काढावी. खालच्या स्वरगुच्छात तो बसतो काय? त्या वाद्यावर, त्या बोटांनी, त्या वेगात तो निघू शकतो काय? आणि याच वादकाने इतरत्र अशाच जागी काय केले आहे? तिन्ही साक्षी एका बाजूला पडल्या की निकाल द्यावा. तरीही जो स्वर नीट ऐकू येत नाही, जो नुसता सुचविलेला आहे, त्याच्या जागी फुली मारावी किंवा तो कंसात घालावा. खात्री नसलेले खात्रीचे म्हणून लिहू नये.

लिहावे किती, सोडावे किती

येथवर कानाचे काम झाले. आता वाचनीयतेचा प्रश्न येतो, आणि खरी कसोटी येथेच लागते.

ब्लूजमध्ये एका मात्रेचे दोन स्वर सारखे पडत नाहीत; पहिला लांब, दुसरा आखूड. मात्रेचे तीन भाग केले तर पहिल्याच्या वाट्याला साधारण दोन आणि दुसऱ्याच्या वाट्याला एक येतो. आपल्या पद्धतीने लिहावयाचे तर ‘सा – रे’ असे एका मात्रेत होईल. लय वाढली की हा फरक कमी होत जातो. या झोक्याला ते ‘स्विंग’ म्हणतात. आता प्रत्येक मात्रेचे असे तीन तुकडे कागदावर मांडले तर लेखन तंतोतंत होईल, पण पान मुंग्यांच्या रांगेसारखे दिसेल आणि कोणीही ते वाजविणार नाही. म्हणून रीत अशी की दोन्ही स्वर सारखे लिहावेत आणि पानाच्या माथ्यावर एकदाच सूचना द्यावी : स्विंग. वादक मात्रेच्या किंचित मागे रेलून वाजवीत असेल तर तेही शब्दांत एकदाच सांगावे. प्रत्येक स्वर केसभर सरकवून लिहू नये.

कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या गंधारासाठी नवी लिपी काढण्याचे कारण नाही. कोमल गंधार लिहून त्यावर वर जाणारा लहान बाण काढावा. किंवा कोमल स्वर कणस्वरासारखा बारीक लिहून त्यापुढे शुद्ध लिहावा. वर चढताना तोच स्वर खालच्या स्वराचा तीव्र म्हणून आणि उतरताना वरच्या स्वराचा कोमल म्हणून लिहिला तर डोळ्याला दिशा कळते. मात्रा कोठे सुरू होते हे स्वरांना जोडणाऱ्या दांडीवरून दिसले पाहिजे. आणि ट्रंपेटसाठी लिहिताना हे विसरता कामा नये की तो वादक आपल्या कागदावर प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक पूर्ण स्वर वरचे वाचतो : ई फ्लॅटच्या जागी त्याला एफ लिहून द्यावा लागतो.

पूर्ण लिहावे की वाचता येईल असे लिहावे, हा वाद आपल्याकडेही झालेला आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि विद्यार्थ्यांसाठी स्वतःची स्वरलिपी चालविली. तीत मात्रेचे अर्धे, पाव असे अंश दाखविण्यासाठी प्रत्येकी वेगळे चिन्ह होते. तिकडे मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या उस्तादांकडून शेकडो चिजा मिळविल्या आणि त्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राखाली टिंब, तारावर टिंब, एका मात्रेत येणाऱ्या स्वरांखाली कंस, समेला फुली आणि कालाला शून्य, एवढ्यावर काम भागते. पलुस्करांची लिपी अधिक सूक्ष्म होती. भातखंड्यांची अधिक रुळली, कारण ती सोपी होती. सांगाडा कागदावर द्यावा आणि रक्तमांस गुरूच्या तोंडून घ्यावे, असा तो व्यवहार आहे. ‘वेस्ट एंड ब्लूज’मधला तो तार पंचम कागदावर चार लांब स्वर आणि त्यांना जोडणारे कंस, एवढाच दिसतो. त्यातली छाती कागदावर येत नाही. ती तबकडीतच ऐकावी लागते.

कागद झाला की शेवटची परीक्षा. ज्याने तबकडी ऐकलेली नाही अशा वादकापुढे तो ठेवावा. तो जेथे अडखळेल तेथे बहुतेक वेळा लेखन वाईट आहे असे समजून ते सुधारावे. आणि पानाच्या माथ्यावर वादकाचे नाव, तबकडीचे नाव, मुद्रणाची तारीख, कोणते आवर्तन आणि लेखन कोणी केले, हे सारे लिहावे. ही शेवटची ओळ आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

मुंबईतले लेखणीवाले

हे काम आपल्या मुलखात झालेले नाही असे कोणी समजू नये. गोव्याच्या खेड्यापाड्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना पाच रेघांची लिपी शिकविली जात असे. ती मुले पोटासाठी मुंबईस आली. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय वादकांचा संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून आलेल्या टेडी वेदरफोर्डसारख्यांच्या हाताखाली गोवेकर वादक जॅझमध्ये तयार झाले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाले. आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श.

पुढे हीच मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’त जे जॅझचे रंग आहेत, त्यांत चिक चॉकलेटचा हात आहे. कामाची रीत अशी असे : संगीतकार पेटीवर चाल सांगे, गोवेकर ‘अरेंजर’ ती ऐकता ऐकता पाच रेघांवर उतरवी, तिच्याभोवती वाद्यांची गुंफण करी आणि प्रत्येक वादकाला त्याचा कागद देई. आयुष्यभर जे ऐकून लिहावयास शिकले, त्यांच्या लेखणीवर तो सारा कारखाना चाले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशी ही माणसे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा नसत. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर पोहोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यामुळे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची अशी आठवण ठेवली. पण गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक होते की या नावाचा खरा मनुष्य आहे आणि तो व्हायोलिन वाजवितो?

हजेरीपटावर नाव

आता आमच्या नेहमीच्या विषयाकडे येतो. जिल्ह्यातील एका जिनिंग कारखान्यात रेच्यावर एकोणीस हंगाम काम केलेल्या एका बाईचे प्रकरण आमच्याकडे आले होते. काम साऱ्यांनी पाहिलेले, पण हजेरीपटावर नाव नाही. कायदा कागद मागतो. कागद नाही म्हणून एकोणीस हंगामांची किंमत शून्य. संगीताच्या बाबतीत कायद्याने नेमके हेच केले होते, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ची व्याख्या अशी होती की जी छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने रेखांकित केलेली असेल तीच संगीतकृती. म्हणजे जो भजनी, जो लोकगायक आपली रचना नुसती गात होता, त्याच्याजवळ कायद्याच्या दृष्टीने काहीच नव्हते. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली, आणि सादर करणाऱ्या कलावंताच्या स्वतंत्र हक्कालाही त्याच दुरुस्तीत जागा मिळाली. अमेरिकेतही ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ नंतरच्या मुद्रणांना, आणि रचनेच्या नोंदणीसाठी लिखित प्रतीऐवजी ध्वनिमुद्रण चालू लागले ते १९७८ पासून. तोपर्यंत ज्याला लिहिता येत होते तो मालक आणि ज्याला नुसते वाजविता येत होते तो रोजंदार, असा हिशेब होता.

वादकांच्या संघटनेनेही या प्रश्नावर लढा दिला आहे. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली तबकड्यांसाठी वाजविणे बंद केले. रेडिओवर आणि नाणे टाकून गाणे ऐकविणाऱ्या यंत्रांवर तबकडी वाजली की जिवंत वादकाची रोजी बुडते. तेव्हा तबकड्यांच्या विक्रीतला वाटा संघटनेच्या निधीत द्यावा, ही मागणी होती. एक मोठी कंपनी १९४३ साली नमली आणि उरलेल्या दोन मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये. मागणी रास्त होती आणि ती पदरात पडली, याचा आम्हाला आनंद आहे. परंतु त्याची किंमतही सांगितली पाहिजे. त्याच दोन वर्षांत न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी ही तरुण मंडळी जॅझला नवे वळण देत होती. त्या घडणीचे ध्वनिमुद्रण फारच थोडे झाले. रात्रीमागून रात्री जे वाजले त्यातले बहुतेक ऐकणाऱ्यांच्या बरोबर गेले.

याच्या उलट उदाहरण आर्मस्ट्राँगचेच आहे. १९२७ साली शिकागोच्या एका प्रकाशकाने त्याची पन्नास एकल वादने पुस्तकरूपाने छापली. त्यासाठी आर्मस्ट्राँगने ती मेणाच्या नळकांड्यांवर वाजवून दिली आणि एल्मर शोबेल याने ऐकून लिहून काढली. ती नळकांडी पुढे नाहीशी झाली. कागद राहिला. आज त्या पन्नास वादनांचा जो काही पत्ता लागतो तो एका माणसाने नीट बसून लिहिले म्हणून. आणि पुस्तकावर लेखकाच्या जागी वादकाचे नाव आहे, हे विशेष.

आपण काय करावे

एवढे सांगून झाल्यावर, यवतमाळात ब्लूजचे स्वरलेखन कोण करणार, असा प्रश्न कोणी विचारील. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावे. त्याने कान तयार होतो. पण आमचा खरा आग्रह वेगळा आहे. हीच सात पायऱ्यांची रीत आपल्या पायाखालच्या गाण्यांना लावता येते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्या गाणाऱ्या बायांच्या नावांनिशी नोंदविल्या. तसे काम आपल्या जिल्ह्यात पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर, कोलामांच्या पोडांवर, वेचणीच्या रानांत व्हावयास पाहिजे. शब्द लिहून घेणारे भेटतात. सूर आणि लय लिहून घेणारे फार थोडे. शब्दाला चाल नसेल तर गाणे अर्धेच उरते.

भ्रमणध्वनी आज घरोघरी आहे, तेव्हा ध्वनिमुद्रण अवघड नाही. पण नुसत्या मुद्रणाने भागत नाही. ते कोठल्या तरी कोपऱ्यात पडून राहते. पेटी वाजविता येणाऱ्या आणि भातखंडे लिपी वाचता येणाऱ्या आठदहा तरुणतरुणींनी मिळून महिन्याला एक गाणे जरी उकलले, तरी वर्षाला बारा गाणी कागदावर येतील. गाणाऱ्याला आधी विचारावे, त्याची संमती घ्यावी. कागद तयार झाला की तो त्यालाच प्रथम वाचून, वाजवून दाखवावा. चूक कोठे झाली हे तोच सांगेल. आणि पानाच्या माथ्यावर त्याचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहून एक प्रत त्याच्या घरी द्यावी. हजेरीपटावर नाव चढविण्याचे काम आम्ही कारखान्याच्या दारात करीत आलो. सुरांच्या बाबतीत ते कोणी हाती घेणार असेल, तर पेटी घेऊन बसावयास आम्ही तयार आहोत.